दाराचा प्रकार निवडा

2017 च्या उन्हाळ्यात मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत डेटा एंट्री करत होते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती, रूमचं भाडं थकलं होतं आणि या कामाला डोकं लागत नाही असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. गावोगाव फिरून कुणीतरी कागदावर भरून आणलेले घर-पाहणीचे अर्ज आमच्याकडे यायचे, ते आम्ही संगणकात चढवायचो. अर्जामागे दोन रुपये.

टाइप असं फारसं करायचं नसायचंच. रकान्यावर क्लिक केलं की यादी उघडायची, तिच्यातलं एक निवडायचं. छत: पत्रा, कौल, स्लॅब, गवत, इतर. पाणी: नळ, विहीर, बोअर, टँकर, इतर. आठवड्याभरात याद्या बोटांना पाठ झाल्या. कागदावर नजर, बोटं आपोआप खाली-वर. एका तासात वीस-बावीस अर्ज सहज व्हायचे.

मग एके दिवशी शनिशिंगणापूरचा गठ्ठा आला. साठेक अर्ज असतील. तिथे गेलेल्या माणसानं ‘दाराचा प्रकार’ या रकान्यात पहिल्या अर्जावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘चौकट आहे. दार नाही.’ दुसऱ्यावर तेच. दहाव्या अर्जापासून नुसतं ‘दार नाही’. पुढे पुढे आडवी रेघ.

माझ्या समोरच्या यादीत चार पर्याय होते: लाकडी, लोखंडी, पत्र्याचं, इतर. रकाना मोकळा ठेवला की लाल अक्षरं यायची, ‘हा रकाना भरणे आवश्यक आहे’. मी ‘इतर’ निवडलं. त्याखाली तपशिलाची चौकट उघडली, तिच्यात इंग्रजी अक्षरंच घेतली जात होती. मी ‘नो डोअर’ असं लिहिलं. सात-आठ अर्ज झाल्यावर सुपरवायझर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “इतर फार झाले की अख्खी बॅच परत येते. मग त्याचे पैसे नाहीत. लाकडी टाक ना.”

“पण सर, तिथे दारंच नसतात.”

“चौकट आहे ना? चौकट लाकडीच असेल.”

मी लाकडी टाकलं. साठच्या साठ. आधीचे सात-आठही बदलले. पुढचा रकाना ‘कुलूप: आहे / नाही’ असा होता. तिथे मी प्रामाणिकपणे ‘नाही’ निवडलं.

यातली गंमत अशी की, मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी मावशी शिंगणापुरातच राहते. लहानपणी मे महिन्याची सुट्टी मी त्याच बिनदाराच्या घरात काढलेली आहे. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून ती चौकटीला एक फळी आडवी टेकवते, सकाळी उचलून बाजूला ठेवते. त्या फळीला दार म्हणता येणार नाही हे माझ्याइतकं त्या ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं.

तरी मी लाकडी टाकलं. हे खोटं होतं का, आणि असेल तर कुणाचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे आहे.

जवळचं उत्तर

आपण सगळेच रोज यादीतून निवडतो. परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं, रेशन, विमा. घरात स्मार्टफोन नीट चालवणारं माणूस बहुतेक वेळा आपणच असतो, त्यामुळे आई, आजी, शेजारच्या काकू यांचे अर्जही आपणच भरतो. त्यात अगदी साध्या गोष्टीलाही अडायला होतं. आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. एखाद्या यादीत ते नाव असतं, एखाद्या यादीत अजून अहमदनगर असतं, आणि जनगणनेच्या जुन्या इंग्रजी तक्त्यांत त्याचं स्पेलिंग वेगळंच आहे. आपण वर-खाली करत बसतो आणि जे सापडेल ते निवडतो. त्यानं काही बिघडत नाही, कारण तीनही नावांचा जिल्हा एकच आहे.

‘लाकडी’चं तसं नाही. माझ्या दोन नोंदी एकत्र वाचा: दार लाकडी, कुलूप नाही. दूर कुठेतरी बसून हा डेटा उघडणाऱ्याला काय दिसेल? साठ घरांचं एक गाव, जिथे दारं तर आहेत, पण लोक कुलूप लावत नाहीत. त्याला वाटेल, गरीब असतील, कुलपाला पैसे नसतील. किंवा निष्काळजी असतील. एका गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली श्रद्धा माझ्या दोन क्लिकमध्ये निष्काळजीपणा झाली. त्यातली एक क्लिक तर खरीच होती.

महाभारतात धर्मराजाची गोष्ट आहे. अश्वत्थामा मेला, असं तो मोठ्यानं म्हणाला. हत्ती की माणूस, हे पुटपुटला. ते पुटपुटणं शंखांच्या आवाजात बुडालं आणि द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं. लहानपणी मला वाटायचं, धर्मराजानं निदान तपशील तरी दिला होता. आता वाटतं, तो तपशील कुणी ऐकणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो खोटेपणा होता. ‘इतर’च्या खालच्या चौकटीत लिहिलेलं कुणी वाचणारच नसेल, तर तीही तशीच. आपण सांगितलं, एवढंच समाधान.

सहा मार्गांची यादी

यादी करणं म्हणजे मुळातच अन्याय, असंही मला म्हणायचं नाही. नीट विचार करून केलेली यादी काय असते, हेही शिंगणापूरच्या निमित्तानंच कळलं.

जनगणनेत ‘घर’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्याला स्वतंत्र मुख्य प्रवेश आहे, ते जनगणनेचं घर. प्रवेश, दार नव्हे. ज्यानं कुणी हा शब्द निवडला, त्याच्या डोळ्यांसमोर शिंगणापूर नसेलही. पण झोपडी, पाल, गोणपाट लावलेली खोली नक्की असणार. त्या एका शब्दामुळे मावशीचं घर जनगणनेत घर ठरतं. 2011 च्या घरयादीत भिंत कशाची याचे दहा पर्याय होते. त्यात नुसत्या दगडाची भिंत आणि चुन्या-सिमेंटात बसवलेल्या दगडाची भिंत वेगळ्या मोजल्या होत्या. कुणीतरी भिंती बघितल्या होत्या, म्हणून ती यादी तशी झाली. दार कशाचं, हे त्यात विचारलंच नव्हतं.

कायद्याची यादी जास्त अडचणीची आहे. घरफोडी म्हणजे काय, हे सांगताना 1860 च्या भारतीय दंड संहितेनं कलम 445 मध्ये सहा मार्ग दिले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 330 मध्ये आले आहेत. भिंत फोडून वाट करणं, माणसांनी जायच्या नसलेल्या वाटेनं किंवा भिंत चढून जाणं, कुलूप उघडणं, बंद केलेली वाट उघडणं, दमदाटी करून शिरणं, असे ते मार्ग. मावशीच्या घरात कुणी भरदुपारी चौकटीतून चालत आलं, डब्यातले पैसे घेतले आणि चालत गेलं, तर तो यातला कुठलाच मार्ग नाही. ती राहत्या घरातली चोरी होईल, शिक्षाही होईल; पण घरफोडी म्हणता येणं कठीण, कारण फोडायला काही नव्हतंच. विम्याचंही तेच. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका दुकानदाराच्या दाव्यात सांगितलं की, पॉलिसीत घरफोडी म्हणजे बळजबरीनं आत शिरून केलेली चोरी असं लिहिलं असेल, तर बळजबरीशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मिळणार नाही. शब्द जे म्हणतात तेच धरायचं.

कायद्याचं म्हणणं समजतं. बंद दार फोडणारा माणूस जास्त धोक्याचा, आतल्या माणसाच्या जिवालाही धोका. पण शिंगणापुरात कुणालाही विचारा, ते उलटं सांगतील. कुलूप तोडणाऱ्यानं कुलपाशी झुंज घेतली. उघड्या घरात शिरणाऱ्यानं मात्र विश्वास मोडला, ते पाप मोठं आणि त्याला शनिदेव सोडत नाही. कायद्याच्या यादीत गुन्ह्याचं वजन अडथळ्यावर ठरतं, गावाच्या यादीत विश्वासावर. दोन्ही याद्या माणसांनी विचार करून केलेल्या आहेत, आणि एकीतल्या रकान्याला दुसरीत जागा नाही.

मात्र गावाची बाजू घेताना मला एक गोष्ट लपवता येणार नाही. गावाच्या यादीतही एक पर्याय नव्हता: ‘चोरी झाली’. 2010 मध्ये एका भाविकानं आपल्या गाडीतून रोख आणि ऐवज गेल्याची तक्रार दिली. त्यावर गावातून उत्तर आलं, ती चोरी गावाच्या हद्दीबाहेर झाली. असेलही. पण इथे चोरी होतच नाही, हे आधीच ठरलेलं असलं की झालेली प्रत्येक चोरी कुठेतरी ‘बाहेर’ ढकलावी लागते. ज्याचे पैसे गेले त्याला रकानाच उरत नाही. पुढच्याच वर्षी, 2011 मध्ये, युको बँकेनं इथे शाखा काढली. ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून देशभर बातम्या आल्या. त्याच बातम्यांत पुढे लिहिलेलं होतं की, दार काचेचं आहे आणि त्याला सहज न दिसणारं, रिमोटवर चालणारं कुलूप आहे. म्हणजे गावाच्या यादीत ‘नाही’, बँकेच्या यादीत ‘आहे’. 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं.

मी ऑफिसात जे केलं, तेच थोड्याफार फरकानं बँकेनं केलं आणि गावानंही केलं. प्रत्येकाला आपली यादी बिघडू द्यायची नव्हती.

4,28,677

मग याद्या काढूनच टाकाव्यात का? ज्याला जे लिहायचं ते लिहू द्यावं?

हा प्रयोग आपल्या देशानं करून बघितला आहे. 2011 च्या सामाजिक, आर्थिक आणि जात पाहणीत जातीच्या रकान्याला ठरवून दिलेली यादी नव्हती. लोकांनी सांगितलं, प्रगणकांनी ऐकू आलं तसं लिहिलं. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी आडनाव. एकच नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं आलं. दहा वर्षांनी, 2021 मध्ये, महाराष्ट्र सरकारनं इतर मागासवर्गीयांची ही आकडेवारी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात मागणी केली. तेव्हा केंद्रानं प्रतिज्ञापत्रात सांगितलं की, 1931 च्या जनगणनेत देशभरात 4,147 जाती होत्या, 2011 च्या पाहणीत 46 लाखांहून अधिक नावं आली आहेत. एकट्या महाराष्ट्रात 4,28,677. राज्यात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग मिळून अधिकृत नोंदी होत्या 494. त्या सव्वाचार लाख नावांपैकी 99 टक्के नावांखाली शंभर माणसंसुद्धा नव्हती. ही माहिती वापरण्यासारखी नाही, असं केंद्राचं म्हणणं होतं, आणि आकडेवारी राज्याला मिळाली नाही.

प्रत्येकाला आपल्या शब्दांत बोलू दिलं आणि शेवटी कुणाचंच ऐकू आलं नाही. एखाद्या छोट्या समाजाची खरी संख्या त्या ढिगाऱ्यात चाळीस स्पेलिंगमध्ये विखुरलेली असेल, तर तो समाज कागदावर चाळीस वेळा नगण्य ठरतो. म्हणून यादी लागते. मोजायचं असेल तर सारख्याला सारखं म्हणावं लागतं. हक्क मागायचा असेल तर आपण किती आहोत हे सांगावं लागतं, आणि त्यासाठी सगळ्यांनी एकाच नावाखाली उभं राहावं लागतं.

डेटा एंट्रीच्या कामात हे मी रोज बघत होते. जिथे टाइप करायची मुभा असे, त्या रकान्यात ‘पाथर्डी’ पाच तऱ्हांनी आलेली असायची. पुढच्या टप्प्यावर एक मुलगा दिवसभर त्या पाचांची एक करत बसायचा. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला ड्रॉपडाउन म्हणजे देवाची कृपा वाटायची.

तेव्हा यादी हवीच. प्रश्न उरतो तो, जे यादीत बसत नाहीत त्यांचं काय करायचं, हा.

“लग्न झालेली लिही”

दोनेक वर्षांनी मी सुट्टीत शिंगणापूरला गेले. मावशीला एका योजनेचा अर्ज भरायचा होता. ती देवळाच्या रस्त्याला रुईच्या पानांचे हार आणि तेल विकते. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही ओट्यावर बसलो, मी फोनवर अर्ज उघडला.

नाव, गाव, तालुका नेवासा, सगळं झालं. मग आलं ‘वैवाहिक स्थिती’. अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. ‘इतर’ नव्हतंच.

काका पंधरा वर्षांपूर्वी कामाला म्हणून सुरतेकडे गेले. पहिली दोन वर्षं पैसे आले, मग फोन, मग काहीच नाही. तिकडे दुसरं घर केलंय असं ऐकू आलं. घटस्फोट झालेला नाही. ते वारले असंही कुणी सांगितलेलं नाही. मी यादी वाचून दाखवली.

ती म्हणाली, “लग्न झालेली लिही.”

“पण मावशी, काका…”

“झालं होतं की नाही लग्न? तू मांडवात जिलबी खाऊन ओकली होतीस. लिही लग्न झालेली.”

मी लिहिलं. खाली चौकोन होता: ‘वरील माहिती सत्य असून ती खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन.’ त्यावर खूण केल्याशिवाय अर्ज जात नव्हता. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, “मग खोटं नाही ना होणार हे?”

मला उत्तर देता आलं नाही. कायद्यानं ते खरंच होतं. पण पुढच्या पानावर पतीचं उत्पन्न विचारलेलं होतं, तोही आवश्यक रकाना. तिथे आम्ही शून्य टाकलं. मग पतीचा व्यवसाय. त्या यादीत ‘माहीत नाही’ नव्हतं. मी ‘मजुरी’ निवडलं. एका खऱ्या उत्तरापासून सुरुवात करून तीन पानांत आम्ही एक आख्खा नवरा तयार केला: जिवंत, घरात राहणारा, मजुरी करणारा, बिनकमाईचा. आणि त्या माहितीच्या खरेपणाची शपथ मावशीनं घेतली.

ऑफिसातल्या ‘लाकडी’त आणि या ‘मजुरी’त फरक आहे, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. तिथे मी दुसऱ्याच्या घराबद्दल माझ्या दोन रुपयांसाठी खोटं टाकलं. इथे तिच्या आयुष्याबद्दल तिनंच ठरवलं. तिला ‘टाकलेली’ हा शिक्का नको होता, आणि तो नाकारायचा तिला हक्क आहे. यादीतला पर्याय जुळतो की नाही एवढंच बघून चालत नाही. जुळणारा पर्याय माणसाला मान्य आहे का, हेही बघावं लागतं. पण पुढचे दोन रकाने तिनं ठरवले नव्हते. ते यादीनं आमच्याकडून वदवून घेतले.

यादी बदलते कशी

मावशीसारख्या बायका मोजायच्या कशा, हा प्रश्न नवा नाही. आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला, ऐंशीच्या दशकात टाकलेल्या स्त्रियांचे प्रश्न घेऊन चळवळ उभी राहिली होती. परित्यक्ता हा शब्द तिथून महाराष्ट्रभर बोलला जाऊ लागला. 2001 च्या जनगणनेत घटस्फोटित आणि विभक्त यांना मिळून एकच रकाना होता. 2011 मध्ये ते दोन वेगळे केले. एका रेघेचा बदल. पण त्यामुळे कोर्टाचा कागद हातात असलेली बाई आणि नुसतीच वाट बघत राहिलेली बाई पहिल्यांदाच वेगवेगळ्या मोजल्या गेल्या.

2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा पात्र महिलांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्यासोबत परित्यक्ता आणि निराधार हे शब्द पहिल्यापासून होते. यादी शहाणी झाली होती. मात्र 2025 मध्ये ई-केवायसी सुरू झालं, तेव्हा त्यात पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितलेला होता. ज्यांचे पती आणि वडील दोघेही नाहीत त्या बायका अडकल्या. आरडाओरड झाली, मुदत वाढली आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश देण्याची सोय झाली. पण टाकून दिल्याचा दाखला कुठलं कार्यालय देतं? एका पानावर परित्यक्तेला नाव दिलं आणि दुसऱ्या पानावर तिच्याकडे नवऱ्याचा फोन मागितला. शब्द यादीत आला, म्हणजे माणूस आत आला, असं होत नाही.

‘इतर’चीही अशीच एक गोष्ट आहे. 2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात पुरुष आणि स्त्री यांच्यापुढे पहिल्यांदा ‘इतर’ आलं. 4,87,803 लोकांची नोंद त्यात झाली. हा आकडा वेगळा प्रसिद्ध झाला, पण मुख्य तक्त्यांत ही माणसं पुरुषांच्या संख्येत मिळवलेली होती. विचारताना तीन रकाने, सांगताना दोन.

आणि शिंगणापूरच्या चौथऱ्याची यादी तर सगळ्यांना आठवत असेल. त्यावर कोण चढू शकतं, याचं उत्तर वर्षानुवर्षं ‘पुरुष’ एवढंच होतं. 2015 च्या नोव्हेंबरात एक मुलगी चौथऱ्यावर चढली, देवाला दुधाचा अभिषेक झाला. जानेवारी 2016 मध्ये तृप्ती देसाई आणि त्यांच्या भूमाता ब्रिगेडच्या बायकांनी आंदोलन केलं. मुंबई उच्च न्यायालयानं 1956 च्या कायद्याचा आधार घेत सांगितलं की, जिथे पुरुष जाऊ शकतात तिथे बायकांना अडवता येणार नाही. 8 एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थाननं बायकांना वाट मोकळी केली. ज्या गावात घराला दार नाही, तिथे उघड्या आकाशाखालच्या चौथऱ्याला मात्र दार होतं. फक्त ते दिसत नव्हतं.

या सगळ्या गोष्टींत यादी आपोआप बदललेली नाही. कुणीतरी बाहेर उभं राहून ‘मी यात नाही’ असं म्हटलं, आणि कुणाला तरी ते ऐकावं लागलं.

खूण कुणी करायची

त्या चौकोनाकडे मी परत परत येते. ‘वरील माहिती सत्य आहे.’ ही शपथ नेहमी भरणारा घेतो. ज्यानं यादी केली त्याला कुठेच खूण करावी लागत नाही. चार पर्याय त्यानं ठरवायचे, रिकामं सोडायची मुभा त्यानं काढून घ्यायची, आणि उत्तर चुकलं तर कारवाई मावशीवर.

माझं म्हणणं एवढंच आहे की, शपथ दोन्हीकडून हवी. यादी करणाऱ्यानंही एका चौकोनावर खूण करावी: मी ज्यांच्याबद्दल विचारतोय त्यांची घरं बघितली आहेत. ‘इतर’, ‘लागू नाही’ आणि ‘माहीत नाही’ हे तीन वेगळे पर्याय ठेवले आहेत. ‘इतर’मध्ये आलेलं मी अमुक तारखेला वाचेन आणि एकच उत्तर पुन्हा पुन्हा आलं तर त्याला यादीत जागा देईन. एवढं केलं, तर जवळचं उत्तर निवडणं खोटं ठरत नाही. ती तात्पुरती सोय ठरते, पुढे दुरुस्त होणारी. हे केलं नाही, तर प्रत्येक आवश्यक रकाना खोटं बोलायला लावणारा असतो.

आणि भरणाऱ्याचं काय? आपण सुटत नाही. ‘सिस्टीम घेत नाही’ हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात पुष्कळदा म्हटलं. ते खरं होतं, आणि तरीही त्यामागे मी लपले होते. बॅच परत आली असती तर माझे शंभर-सव्वाशे रुपये गेले असते. पण ‘इतर’ जास्त झाल्यामुळे परत आलेली बॅच कुणालातरी उघडावी लागली असती. वर बसलेल्या एका माणसानं विचारलं असतं, या एकाच गावात इतकं ‘इतर’ का? त्या गावाबद्दल मिळालेली सगळ्यात खरी माहिती तीच ठरली असती. ती आम्ही पाठवलीच नाही.

2027 ची जनगणना पहिल्यांदाच मोबाइल अ‍ॅपवर होते आहे, आपली माहिती आपण स्वतः भरायचीही सोय आहे, आणि तिच्यात जात विचारली जाणार आहे. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घरातल्या चार-पाच माणसांच्या वतीनं याद्यांमधून निवड करतील. घाईत आजीला न विचारता तिच्या नावापुढे काहीतरी निवडणं सोपं असतं. तेवढं करू नका. यादी मोठ्यानं वाचून दाखवा. ती काय म्हणते ते ऐका. तिचं उत्तर यादीत नसेल, तर ‘इतर’ असेल तिथे ते लिहा, आणि नसेल तर विचारायला आलेल्या माणसाला सांगा. तो कंटाळेल, पण सांगा.

मी आता एका संस्थेत असेच अर्ज तयार करण्याचं काम करते. महिन्यातून एकदा ‘इतर’ची यादी उघडून वाचते. निम्मं वाचून काही कळत नाही, पाव भाग स्पेलिंगच्या चुका असतात. उरलेल्यात कधीतरी एखादं ‘दार नाही’ सापडतं. मग पर्याय वाढवावा का, यावर आमच्याकडे तासभर वाद होतो, आणि दर वेळी मी जिंकतेच असं नाही.

गेल्या वेळी शिंगणापूरला गेले तेव्हा मावशीला 2017 मधलं सगळं सांगितलं. ती हार ओवत होती. ऐकून हसली. म्हणाली, “लाकडाचं लावलंस? बरं केलंस. निदान कडी तरी लावायचीस.”

ती विसरलीही असेल. तो डेटा अजून कुठल्यातरी सर्व्हरवर असणार, आणि त्या साठ घरांना मी बसवलेली दारं मला अजून काढता आलेली नाहीत.